चारशे खुर्च्या

“चारशे मांडा,” काकू म्हणाल्या.

मुकादमांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तीस वर्षं त्यांनी काकूंच्या नवऱ्याच्या गोदामाची किल्ली सांभाळली होती, आणि नको असलेलं वाक्य एका कानाने घेऊन दुसऱ्या कानाने सोडून देण्याची कला ते त्या गोदामातच शिकले होते.

“आधी साठ मांडू, काकू,” ते म्हणाले. “माणसं येतील तशा मागून वाढवू. काकांची पद्धत...”

“काकांची पद्धत मला सांगू नका. मी तिच्याशी अडतीस वर्षं संसार केलाय.”

शाळेच्या सभागृहाच्या दारात घडीच्या खुर्च्यांनी भरलेल्या ट्रॉल्या उभ्या होत्या. दुपारचे तीन वाजले होते. पाचला शोकसभा होती, आणि ती खुद्द काकांचीच होती. शहरातल्या चाळीस वर्षांच्या सभांना ज्या माणसाने खुर्च्या मांडल्या, त्याच्या सभेला किती मांडायच्या ह्यावरून त्याची बायको आणि त्याचा मुकादम भांडत होते. काका असते तर दाराला टेकून दोघांचं शांतपणे ऐकत राहिले असते, आणि भांडण संपेपर्यंत खुर्च्या मांडूनही झाल्या असत्या.

काकांचा धंदा खुर्च्या भाड्याने देण्याचा. खुर्च्या, टेबलं, तंबू, पंखे आणि एक कायमचा घसा बसलेला लाउडस्पीकर. लग्नाला आणि कंपन्यांच्या मेळाव्यांना ते रोख भाडं घेत, आणि चांगलं घेत, त्यात भिडेला बळी पडत नसत. पण रक्तदान शिबिर, डोळे तपासणी, वाचनालयातलं व्याख्यान, कुणाची शोकसभा असलं काही असलं की खुर्च्या फुकट. बरं, खुर्च्या फुकट दिल्या, इथपर्यंत ठीक. खुर्च्यांबरोबर हा माणूसही फुकट जायचा. शर्टाच्या बाह्या दुमडून एकेका हातात तीन तीन खुर्च्या अडकवून न्यायचा, रांगा लावायचा, दोन रांगांमधलं अंतर दोन वीत आणि चार बोटं असं हाताने मोजायचा, म्हणजे म्हाताऱ्यांचे गुडघे अडत नाहीत. लहान मुलं घेऊन येणाऱ्या बायकांसाठी दाराजवळची रांग वेगळी. पोर रडलं की कुणाची माफी न मागता बाहेर पडता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

काकू ह्या सगळ्याला लष्करच्या भाकऱ्या म्हणायच्या. अडतीस वर्षांत किती वेळा म्हणाल्या असतील त्याला गणती नाही. काकांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही, आणि एकही भाकरी कमी भाजली नाही.

आता ती पद्धत. काका कुठल्याही सभेला अपेक्षेपेक्षा कमी खुर्च्या मांडत. दोनशे माणसं येणार असं आयोजक छातीठोकपणे सांगत असला, तरी काका पन्नास मांडत आणि बाकीच्या दाराआड ठेवत. माणसं वाढली की मागून एकेक रांग वाढवत. “बोलणाऱ्याला समोरची माणसं दिसत नसतात,” ते म्हणत. “त्याला रिकाम्या खुर्च्या दिसतात.” पेटी शिकवणाऱ्या एका मास्तरांनी पहिला कार्यक्रम ठेवला, तेव्हा त्यांनी गावभर निमंत्रणं वाटली होती. आली एकोणीस माणसं. काकांनी मांडल्या होत्या पंधरा. वरच्या चार त्यांनी मास्तरांना दिसतील अशा, जरा धावपळ करत आणून लावल्या. मास्तर पुढे आयुष्यभर सांगत राहिले, “माझ्या पहिल्याच कार्यक्रमाला खुर्च्या वाढवाव्या लागल्या होत्या.” ते खोटंही नव्हतं.

हे सगळं काकूंना तोंडपाठ होतं. तरी त्या चारशेवर अडून बसल्या होत्या, आणि त्याला कारण होतं.

काकांना जाऊन दोन आठवडे झाले होते. गेलेही उभ्या उभ्या. गोदामाच्या दारात ट्रकवाल्याशी बोलत होते, बोलता बोलता चौकटीला टेकले, आणि संपलं. नंतरच्या दिवसांत घरी माणसं येऊन गेली, त्यांत काकूंचे धाकटे दीर होते. दिरांचं स्वतःचं मोठं दुकान होतं, त्याला काचेची दारं होती, आणि त्यांच्या बोलण्यातही तीच चकाकी होती. चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, “दादा भला माणूस. पण वहिनी, भल्या माणसाला कोण लक्षात ठेवतं? काम होईपर्यंत काका, काम झालं की कोण काका? उगाच मोठं सभागृह घेऊ नका. शे-सव्वाशे येतील. लहान खोली पुरे.”

काकूंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं. लागायचं कारण असं की ही शंका दिरांनी आणून दिलेली नव्हती. ती काकूंच्या मनात कितीतरी वर्षं घर करून होती. थंड झालेली जेवणं, अर्धवट राहिलेल्या सहली, दोघांची तिकिटं काढून नाटकाला गेल्यावर दाराशी जादा खुर्च्या लावायला थांबलेला आणि शेवटच्या अंकापर्यंत आत न आलेला नवरा, हे सगळं कुणासाठी होतं? ज्यांच्यासाठी होतं, त्यांना त्याचं काही आहे का? नसेल तर ती सारी वर्षं पाण्यात गेली, आपलीही आणि त्यांचीही. सभागृह भरलं तर भरलं. नाही भरलं तर दीर खरे ठरणार होते.

“चारशे येतील, भाऊजी,” त्या तेव्हा म्हणून बसल्या होत्या. आता मागे फिरायची सोय नव्हती.

“चारशे,” त्यांनी मुकादमांना पुन्हा सांगितलं. “सगळ्या एकदम. दाराआड एकही लपवून ठेवायची नाही. जे असेल ते दिसू दे.”

मुकादमांनी मान हलवली आणि माणसांना हाक मारली. मांडल्या चारशेच. तरी वरच्या चाळीस त्यांनी दाराआड ठेवल्याच. सवय, दुसरं काय.

खुर्च्या मांडताना काकू मधे उभ्या राहून बघत होत्या. प्रत्येक खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या होत्या. त्या काकांनी स्वतः बसवल्या होत्या, एका पावसाळ्यात, काम नव्हतं तेव्हा, दोन हजारांच्या वर. शोकसभेत उशिरा येणाऱ्याची खुर्ची करकरली की तो बिचारा ओशाळतो, आधीच दुःखात, त्यात आणखी हे कशाला, म्हणून. खुर्ची डुगडुगते का ते बघायलाही ते कधी तिच्यावर बसत नसत. तळहाताने चारही कोपरे दाबून बघत. आणि घरी? घरच्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची गेली दहा वर्षं एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा घेऊन उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना काकू पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. एका बाजूला दीर, त्यांच्या पलीकडे घरची आठ-दहा माणसं. दुसऱ्या बाजूची खुर्ची लेकीची, पण लेक आलेल्यांचं बघायला दारात उभी होती. व्यासपीठावर काकांचा फोटो होता. त्यांचा एकट्याचा धड फोटो मिळेना, म्हणून कुठल्याशा शिबिरातल्या फोटोतून कापून मोठा केलेला. खांद्यावर अजून कुणाचातरी अर्धा हात दिसत होता.

काकूंनी ठरवलं होतं, मागे वळून बघायचं नाही. कानांनी अंदाज घ्यायचा. पण रबराच्या टोप्या! खुर्ची सरकल्याचा आवाज नाही की ओढल्याचा नाही. कुठेतरी पावलं वाजत, कुजबुज होई, एक खोकला येई आणि थांबे. माणसं येतायत की येऊन जातायत, काही कळेना. शांत सभागृहाचं काकांना केवढं कौतुक! आज काकूंना एखादी तरी खुर्ची करकरायला हवी होती.

पाच वाजून गेले. दिरांनी हळूच मान वळवून मागच्या दोन-तीन रांगांवर नजर टाकली, घड्याळ बघितलं आणि घसा खाकरला.

“खुर्च्या जरा जास्तच झाल्या, वहिनी.”

काकूंनी न राहवून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. दुसरी रांग रिकामी. तिसरी रिकामी. चौथ्या रांगेत कुणी पिशवी ठेवली होती, पिशवीजवळ माणूस नव्हता. एवढंच बघून त्यांनी मान पुन्हा सरळ केली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या. मुकादम साठ म्हणत होते. साठ मांडल्या असत्या तर निदान शोभा तरी झाली नसती. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्या कुणाच्या वाट्याला रिकामी खुर्ची येऊ दिली नाही, त्याच्या फोटोसमोर आपण आपल्या हट्टापायी चारशे रिकाम्या खुर्च्या मांडून ठेवल्या. त्यांना वाटलं, उठावं आणि फोटोच उलटा करून ठेवावा.

तेवढ्यात लेक दारातून भरभर चालत आली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून वाकली.

“आई, मागे बघ.”

“नको.”

“अगं, बघ तरी!”

काकू उठल्या आणि वळल्या.

सभागृह भरलं होतं. खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि तिन्ही भिंती माणसांनी भरल्या होत्या. डाव्या भिंतीला, उजव्या भिंतीला, मागे दाराशी माणसं दुहेरी तिहेरी उभी होती. दाराबाहेरच्या जिन्यातही डोकी दिसत होती. रक्तदान शिबिरातली ठेंगणी परिचारिका होती, निवृत्त पोस्टमन होते, पेटीवाल्या मास्तरांची मुलगी होती. बेकरीवाला पिठाने पांढरा झालेला तसाच आला होता. काकू ज्यांना नावाने नाही पण चेहऱ्याने ओळखत असे कितीतरी जण होते, आणि मुळीच ओळखत नव्हत्या असे त्याहून जास्त. काहींनी बाह्या दुमडल्या होत्या. दोघांनी पाण्याचे जग धरले होते. एक उंच माणूस पंख्याच्या बटणाजवळ उभा होता, जणू कुणी त्याला ते काम नेमून दिलं होतं. आणि मधे चारशे खुर्च्या, ओळीत, दोन वीत आणि चार बोटं अंतर राखून, मोकळ्या.

“बसत का नाहीत हे?” काकूंनी विचारलं.

मुकादम पुढे आले. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, आणि हसूही आवरत नव्हतं. “मी सांगून थकलो, काकू. म्हणतात, आम्ही कार्यकर्ते. आधी लोकांना बसू द्या, मग आम्ही बसू.”

“मग लोक कुठे आहेत?”

मुकादमांनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली. “हेच लोक,” ते म्हणाले. “दुसरे कोण येणार? काकांनी एकाला म्हणून नुसतं बसू दिलं असेल तर शपथ.”

खरंच होतं ते. काकांचं काम करून घेण्याचं तंत्र साधं होतं. कुणी मदत मागायला आला की त्याला खुर्च्या देत, आणि जाताना म्हणत, “पुढच्या रविवारी डोळे तपासणी आहे, जरा रांगा लावायला येशील का?” आला की त्याला पहिला नियम सांगत, आपण शेवटी बसायचं. ज्याचं दुःख हलकं करायला गेले, त्यालाच महिन्याभरात दुसऱ्याच्या दुःखात खुर्च्या उचलायला लावत. असं करता करता अर्धं शहर त्यांनी कार्यकर्ता करून टाकलं होतं. आज त्या अर्ध्या शहरातला प्रत्येकजण भिंतीला लागून उभा होता आणि बसणाऱ्यांची वाट बघत होता.

“जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात,” काकू पुटपुटल्या. “ह्यांची तर मेल्यावरही गेली नाही.”

दीर उठून उभे राहिले होते. त्यांना काय करावं सुचेना. ते एकदा बसले आणि पुन्हा उठले. एवढे लोक उभे असताना बसून राहणं त्यांनाही अवघड झालं असावं.

लेकीने माईक आणून दिला. काकूंनी उभ्या आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. त्यांनी तो नको म्हणून बाजूला केला आणि तशाच, साध्या आवाजात बोलायला लागल्या. सभागृह इतकं शांत होतं की त्याची गरजही नव्हती.

“मला भाषण येत नाही. एकच सांगते. अडतीस वर्षं ह्यांनी मला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. म्हणायचे, तू बस, मी पाच मिनिटांत आलोच. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरायचे. येणारे विचारायचे, इथे कुणी आहे का? मी म्हणायचे, आहेत, येतायत. पूर्ण कार्यक्रम मी हेच सांगत बसायचे. ते आले नाहीत कधी. मला फार राग यायचा. घरी गेल्यावर मी बोलायचे नाही त्यांच्याशी.” काकूंनी तिन्ही भिंतींकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आज मला परत रिकाम्या खुर्च्यांत एकटं बसवू नका. त्यांच्यासाठी उभं राहायचं ते पुष्कळ राहिलात. आता माझ्यासाठी बसा.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग ती ठेंगणी परिचारिका डोळे पुसत पुढे आली आणि काकूंच्या बरोबर मागच्या खुर्चीवर धपकन बसली. “मी बसले, काकू,” ती मोठ्याने म्हणाली, हजेरी दिल्यासारखी. तिच्या शेजारी पोस्टमन बसले. मग बेकरीवाला, खुर्ची पांढरी होईल म्हणून आधी पँट झटकून. मग भिंती हळूहळू रिकाम्या व्हायला लागल्या. बाहेरचे आत आले. रांगा भरत गेल्या, पुढून मागे, एकही आवाज न होता. मुकादमांना काकूंनी हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले, परीक्षेला बसल्यासारखे.

चारशे भरल्या. दीर मान वळवून बघतच राहिले. “वहिनी,” ते हळूच म्हणाले, “दादाने हे कधी बोलून नाही दाखवलं.” त्यांच्या आवाजात काचेची दारं नव्हती.

सभा सुरू होणार, एवढ्यात एक बाई धावत धावत दारात आली. कडेवर लहान मूल, हातात पिशवी, धाप लागलेली. तिने सगळीकडे बघितलं. जागा नव्हती.

आणि सगळं सभागृह उठलं.

चारशे माणसं एका क्षणात उभी. कुणी आपली खुर्ची पुढे केली, कुणी दाराकडे निघालं, मुकादम तर केव्हाच निम्म्या वाटेवर पोचले होते. ती बाई बिचारी घाबरून दोन पावलं मागे सरली. तिला वाटलं असेल, आपलं काय चुकलं? काकूंनी ते बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. शोकसभेत असं हसू नये हे त्यांनाही कळत होतं. आधी लेक हसली, मग पुढची रांग, मग सगळेच.

“खाली बसा!” काकू ओरडल्या. “एकानेही उठायचं नाही! मुकादम, तुम्हीसुद्धा. मी आणते.”

त्या मधल्या वाटेने मागे गेल्या. दाराआड हात घातला तर तिथे चाळीस खुर्च्या होत्याच. मुकादमांकडे त्यांनी एकदा डोळे वटारून बघितलं आणि एक खुर्ची ओढली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. अडतीस वर्षांत त्यांनी ह्यांतली एकही उचलली नव्हती. उघडताना आधी बोट चिमटलं, मग उघडली. दाराजवळच्या रांगेच्या टोकाला त्यांनी ती ठेवली, चारही कोपरे दाबून बघितले आणि बाईला म्हणाल्या, “बसा. रडलं तर खुशाल बाहेर घेऊन जा.”

बाई बसली. मूल मांडीवर घेतलं. तिचे खांदे खाली आले आणि तिने एक मोठा श्वास सोडला.

एवढंच. पण काकू तिथेच उभ्या राहिल्या. व्यासपीठावर पेटीवाल्या मास्तरांची मुलगी बोलायला उठली होती. दारातून आणखी दोघे आले, काकूंनी त्यांना खुर्च्या उघडून दिल्या. मग भिंतीला पाठ टेकली. इथून सगळं दिसत होतं. चारशे पाठी, पांढरी डोकी, काळी डोकी, एकमेकांकडे झुकलेली, कुणी कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला. पुढच्या रांगेतून कधीच दिसलं नव्हतं हे. तिथून फक्त बोलणारा दिसायचा.

पुढून लेकीने हाताने खूण केली, ये ना, बस. काकूंनी मान हलवून नाही म्हटलं.

त्यांना राग आला होता, तोच जुना, घरी गेल्यावर न बोलण्याचा. पण आज न बोलून भागणार नव्हतं. फोटो लांब होता, तरी त्या फोटोकडे बघून, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, “एकदा सांगायचं होतं हो. मी आले असते की मागे.”